जमिनीवर बसणारा ड्रमवादक: त्रिलोक गुर्टू आणि घराण्याच्या तक्त्यातील रिकाम्या जागा

🧵 थ्रेड

१/ संगीताचे ‘घराणे’ म्हटले की आपण एक वंशवृक्ष काढतो. वर उस्ताद, खाली त्यांचे पुत्र, त्याखाली पुत्रांचे शिष्य. पदव्युत्तर वर्गात मीही हा तक्ता वहीत उतरवून घेतला आहे. आजचा थ्रेड त्या तक्त्यात न मावणाऱ्या एका वादकाविषयी आहे.

२/ त्रिलोक गुर्टू, जन्म मुंबई, १९५१. तबला आणि ड्रमसेट एकत्र वाजवणारा हा कलावंत युरोपात नावाजला गेला. आपल्याकडे त्याच्या नावापुढे ‘फ्यूजन’ हा एकच शब्द लिहून विषय संपवला जातो. माझे मत आरंभीच सांगते: हा शब्द आळशी आहे आणि तो इतिहास झाकतो.

३/ प्रथम घर पाहू. त्रिलोक यांच्या आई शोभा गुर्टू, ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका. जन्म बेळगाव, १९२५. माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. २००२ साली पद्मभूषण. मराठी रसिकांना ‘सामना’ (१९७५) या चित्रपटातील त्यांचा आवाज स्मरत असेल.

४/ शोभाताईंच्या आई मेनकाबाई शिरोडकर. व्यवसायाने नर्तकी, आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे गायन शिकलेल्या. शोभाताईंची तालीम अल्लादिया खाँ यांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाली. म्हणजे आजी, आई, मुलगा अशी ही विद्या तीन पिढ्या चालत आली, पण ती मातृपरंपरेने. आपल्या तक्त्यात या रेषेसाठी रकानाच नसतो.

५/ आता ड्रमसेटकडे. त्रिलोक यांनी पाश्चात्त्य संगीत ध्वनिमुद्रिका ऐकून शिकले. स्टुडिओत एकावर एक थर ध्वनिमुद्रित करता येतात, हे त्यांना ठाऊकच नव्हते! त्यामुळे ऐकू येणारे सगळे एकट्यानेच वाजवायचे असते, असे समजून ते रियाज करत राहिले. १९९५ साली जिमी हेंड्रिक्सवरील दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनीच हे सांगितले आहे.

६/ तो काळ प्रोग्रेसिव्ह रॉकचा होता. चारच्या ठेक्याचा कंटाळा आलेले तरुण इंग्लंड-जर्मनीत पाच, सात, अकरा मात्रांकडे वळले होते. पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ (१९७३) बहुतांशी सातात चालते. ‘येस’ आणि ‘किंग क्रिमसन’चा ड्रमवादक बिल ब्रुफर्ड अशा विषम लयींसाठीच ओळखला जातो.

७/ आपल्याकडे सात मात्रांचा रूपक तबल्याच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात. शिवाय रूपकाची सम ही खालीवर येते. पाश्चात्त्य ड्रमवादक पहिल्या ठोक्यावर पायातला मोठा ड्रम दणकावतो. रूपक वाजवणारा नेमका तिथेच डग्ग्याचा घुमारा आवरतो. दोघेही सातच मोजतात, पण वजन निरनिराळ्या जागी ठेवतात.

८/ म्हणून म्युनिकच्या ‘एम्ब्रियो’ या प्रोग्रेसिव्ह रॉक समूहात त्रिलोक सहज सामावले. १९७७ च्या ‘अपो-कॅलिप्सो’ या ध्वनिमुद्रिकेत ते आहेत. जे इतरांना प्रयोग वाटत होते, ते त्यांच्यासाठी घरातले पाठांतर होते.

९/ पुढचा प्रसंग इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबवणारा आहे. ‘ओरेगॉन’ या अमेरिकन समूहात कॉलिन वॉलकॉट तबला आणि सतार वाजवत. ते रविशंकर आणि अल्लारखा यांचे शिष्य. १९८४ साली पूर्व जर्मनीत अपघाती मृत्यू झाला. तबला शिकलेल्या त्या अमेरिकनाच्या जागी पुढे मुंबईचा तबलावादक बसला. पूर्वेकडून पश्चिमेकडे असा सरळ बाण इथे काढताच येत नाही.

१०/ १९८८ साली ‘उस्फ्रेट’ हा त्रिलोक यांचा स्वतःचा पहिला संग्रह आला. त्यात आई गायली. १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जॉन मॅकलॉक्लिन यांच्या त्रयीत ते होते. ती मैफल ध्वनिमुद्रित आहे, जरूर ऐका.

११/ आता तंत्र. ड्रमवादक स्टुलावर बसतो. त्रिलोक स्टूल घेत नाहीत. जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात. तबला हाताशी, झांजा आणि ड्रम भोवती, शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज किंवा शिंपल्यांची माळ ते पाण्यात बुडवतात आणि नाद वाकतो, थरथरतो.

१२/ ही बैठक म्हणजे निव्वळ लकब नव्हे. ड्रमसेट हे वाद्य जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचे. पूर्वी मोठा ढोल, छोटा ढोल आणि झांजा वेगवेगळी माणसे वाजवत. १९०९ च्या सुमारास लुडविग यांचे पायाने चालणारे पेडल आले आणि एकच माणूस हे सगळे वाजवू लागला. बसायला स्टूल हवे ते या पायासाठी.

१३/ आणि तबला? एकोणिसाव्या शतकातील चित्रे पाहा. नर्तकीच्या मागे तबलजी उभा आहे, तबला कमरेला बांधलेला. मैफलीत मांडी घालून बसण्याचा मान हा साथीदारांनी काळाच्या ओघात मिळवलेला आहे. नर्तकीच्या नातवाने जगाच्या मंचावर जमिनीवर बसून ड्रम वाजवणे, याकडे मी या इतिहासातूनच पाहते.

१४/ तिहाईचे उदाहरण घ्या. तीनतालाच्या १६ मात्रांत नवव्या मात्रेवर तीन मात्रांचा तुकडा सुरू करा: ९-१०-११, १२-१३-१४, १५-१६-१. तिसऱ्याचा शेवट थेट समेवर! हे गणित तबल्यावर वाजले की ‘शास्त्रीय’ आणि ड्रमवर वाजले की ‘फ्यूजन’. गणित तर तेच राहिले ना?

१५/ आक्षेप ठाऊक आहे: अशाने परंपरा पातळ होते. काही वेळा होतेही. नुसता वेग दाखवणारे मिश्रण मलाही रुचत नाही. पण निकष कारागिरीचा असावा, वाद्याच्या जन्मस्थळाचा नसावा. तसे पाहिले तर बाजाची पेटीही परदेशीच.

१६/ मी हे गोंदियात बसून लिहिते आहे. झाडीपट्टीच्या नाटकात एक हात तबल्यावर आणि दुसऱ्या हातातली काठी ऑक्टोपॅडवर, असा वादक मी रात्रभर जागून पाहिला आहे. सालेकसा तालुक्यात कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेच्या सुमारास घुमणारे ढोलही ऐकले आहेत. यांपैकी कोणाचेच नाव माझ्या अभ्यासक्रमात नाही.

१७/ त्रिलोक गुर्टू यांना निदान परदेशात ऐकणारे कान मिळाले. झाडीपट्टीच्या वादकाला आपणच ऐकायचे आहे. तो गेला की त्याचे बोल गेले; कारण ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत.

१८/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी घराण्याचा तक्ता काढाल तेव्हा आजीसाठी, आईसाठी एक रकाना ठेवा. आणि गावच्या नाटकाला जाल तेव्हा पडदा पडल्यावर वादकाला विचारा: हे कोणाकडून शिकलात? उत्तर तारखेसह वहीत लिहा. साधन तिथूनच तयार होते.

इति. 🙏