जमतं का ते नको, कसं जमतं ते सांगा



गेल्या वर्षी चातुर्मासात आमच्या आत्यांनी एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. (आमच्याकडे सांगली भागात सासूबाईंना आत्या म्हणतात.) आधी अंबाडा गेला. एक दिवस केस मानेपर्यंत कापूनच घरी आल्या. मग घट्ट बाह्यांचे ब्लाउज गेले, ढगळ बाह्यांचे आले. सकाळी पिण्याचं पाणी गाळायचं काम लग्न होऊन आल्यापासून त्यांचं, ते न सांगता माझ्याकडे आलं. दशलक्षण पर्वात तर रात्री दोन-दोन वाजता उठून पलंगावर बसलेल्या दिसायच्या. ओठ हलत असायचे. ह्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं, "आईचं मन आता संसारातून निघालंय." मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला.

खरं काय ते आमच्या धाकटीने सांगितलं. "मम्मी, आजी डोकं खाली घालून केस विंचरते. हात वर जातच नाही तिचा."

त्या रात्री दोनला मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, "आत्या, जप चाललाय की दुखतंय?" म्हणाल्या, "दोन्ही चाललंय."

उजवा खांदा आठ महिने दुखत होता. त्या कुशीवर वळलं की ठणका लागायचा आणि झोप उडायची. आणि आम्ही त्याला वैराग्य समजून बसलो होतो.

आता खांद्याबद्दल थोडं. खांद्याचा गोळा मोठा आणि वाटी उथळ. कलशावर नारळ ठेवतो ना, तसं. म्हणून हात सगळीकडे फिरतो, पण म्हणूनच तो घसरायलाही सोपा. हा नारळ जागेवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात. त्यांच्या कंडरा मिळून गोळ्याभोवती बाहीच्या कफसारखी पट्टी होते, तिलाच डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. हात उचलताना बाहेरचा मोठा स्नायू गोळा वर खेचतो आणि हे चौघे तो वाटीत दाबून धरतात. वयाने, कष्टाने किंवा पडण्याने ही पट्टी झिजते, कधी फाटते. मोठी फाट वर्षानुवर्षं तशीच राहिली तर काहींचा गोळा वर सरकतो, वरच्या हाडाला घासतो आणि सांधाच खराब होतो. अमेरिकेतल्या चार्ल्स नीर या सर्जनने १९८३ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तो वयस्कर बायकांमध्ये जास्त दिसतो. तेव्हा "वय झालं, दुखायचंच" म्हणून गप्प बसण्याइतकी ही गोष्ट लहान नाही.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आजी, केस विंचरता येतात का?" आत्या म्हणाल्या, "येतात की." "कपडे घालता येतात?" "घालते." "स्वयंपाक?" "सगळं करते." मी बाजूला बसून कपाळाला हात लावला. एकही उत्तर खोटं नव्हतं. केस विंचरत होत्या, पण डोकं वाकवून आणि डाव्या हाताने. ब्लाउज घालत होत्या, पण दुखरा हात आधी सरकवून, दातात बाही धरून. भाकरी थापत होत्या, पण परात जमिनीवर घेऊन.

माझं म्हणणं इथेच आहे. आपल्या बायका कुठलंही काम अडू देत नाहीत, वाकडा मार्ग शोधतात. म्हणून "जमतं का?" या प्रश्नाला आपलं उत्तर कायम "हो" असतं, आणि त्या "हो"मागे दुखणं लपून राहतं. डॉक्टरांना "कसं जमतं" ते सांगायला हवं.

खांदा किती चालतो हे ठरवायला डॉक्टरांकडे प्रश्नावल्या असतात. ऑक्सफर्डची एक १९९६ सालची आहे, १२ प्रश्नांची. स्वतः कपडे घालता का, केस विंचरता का, जेवणाचा ट्रे खोलीतून नेता का, कपाटात कपडे अडकवता का, सुरी-काट्याने जेवता का, असे साधे प्रश्न. दुखण्याइतकंच रोजच्या कामाला महत्त्व दिलंय, हे मला फार पटलं. पण त्यात आपली वेणी नाही, खांद्यावरची पदराची पिन नाही, माळ्यावरचा डबा नाही, भरलेली कलशी उचलून गाळण्यावर ओतणं नाही. ती यादी आपणच करून न्यायची. मी दुसऱ्या भेटीला नेली, एका पानाची. डॉक्टरांनी पूर्ण वाचली आणि आत्यांना म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

दुसरी गोष्ट, आपल्याकडे खांद्याच्या प्रत्येक दुखण्याला "फ्रोजन शोल्डर" म्हणायची सवय आहे. दोन्हीत फरक आहे. फ्रोजन शोल्डरमध्ये सांधाच आखडतो, दुसऱ्याने हात वर न्यायचा म्हटलं तरी जात नाही. मधुमेहात हे जास्त होतं. कफ फाटला असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्याने उचलला की हात वर जातो, स्वतःला मात्र उचलता येत नाही. घरी ओढाताण करून बघू नका, पण डॉक्टरांना हे नक्की सांगा. आणि पडल्यावर, झटका बसल्यावर एकाएकी हात उचलेनासा झाला तर तेल चोळत दिवस घालवू नका. अशा ताज्या फाटीला लवकर दाखवावं लागतं.

आत्यांच्या एमआरआयमध्ये "फाटलंय" असं आलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. ज्याला त्याला ऑपरेशन दिसायला लागलं. पण रिपोर्ट म्हणजे खांदा नव्हे. १९९५ साली अमेरिकेत खांदा अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर साठीपुढच्या ५४ टक्के लोकांत फाट सापडली. तिकडे ब्रिटनमध्ये, कंडरा पूर्ण फाटली नाही पण वरच्या हाडाशी घासते म्हणून दुखतं, अशा लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. काहींचं हाड खरंच तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली, काहींना काहीच केलं नाही. तासलेल्यांना नुसत्या दुर्बिणीवाल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही, आणि काहीच न केलेल्यांपेक्षाही फार फरक पडला नाही. ऑपरेशन कधीच नको असं मी म्हणत नाही. काहींना ते लागतंच. सांधा पार गेला तर गोळा आणि वाटी यांची अदलाबदल करून बसवायचा कृत्रिम सांधाही आता मिळतो. पण त्याआधी व्यायामाला पुरता वेळ दिला का, हे विचारायला हवं.

आमच्या डॉक्टरांनी तीन महिने व्यायाम सांगितला. वाकून हात लंबकासारखा झुलवायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रबरी पट्टा हळूहळू ताणायचा. पैसा लागत नाही, पण रोजची वीस मिनिटं लागतात, आणि घरातल्या बाईला तीच मिळत नाहीत. आत्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या की कुणीतरी चहा मागायचं. शेवटी मी घरात सांगून टाकलं, सामायिकात बसल्यावर जसं कुणी हाक मारत नाही, तसंच या वेळीही मारायची नाही. ब्रिटनमध्येच कफच्या दुखण्याच्या ७०८ लोकांवर आणखी एक अभ्यास झाला, २०२१ साली आला. एकदाच नीट शिकून घरी व्यायाम करणारे वर्षभराने सहा वेळा फिजिओथेरपीला जाणाऱ्यांइतकेच सुधारले. म्हणजे गावात फिजिओथेरपिस्ट नाही ही सबब फार चालणार नाही. घरच्यांनी वेळ दिला पाहिजे.

गोळ्यांबद्दल एकच. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी त्रास देतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, रक्तदाब वाढवतात. उपवास, एकाशन करणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना आपले नियम आधीच सांगावेत, म्हणजे गोळी आणि वेळ त्याप्रमाणे ठरते. मनाने गोळी घेऊही नका आणि मनाने बंदही करू नका.

आता पाच महिने झाले. आत्यांचा हात दुसऱ्या फळीपर्यंत जातो. तिसरी फळी आम्ही रिकामीच केली, डबे खाली आणले. कपड्यांची दोरी हातभर खाली घेतली. कलशीऐवजी तांब्यातांब्याने पाणी गाळतात, वेळ लागतो, पण काम पुन्हा त्यांच्याकडे आहे. रात्री झोपतात. केस वाढवायचे का विचारलं तर म्हणाल्या, "बघू."

त्यांचं मन संसारातून निघालं होतं की नाही, ते त्यांनाच ठाऊक. पण जे सोडलं ते दुखत होतं म्हणून सोडलं, आणि त्याग म्हणून आम्ही त्याचं कौतुक केलं, हे मला अजून टोचतं. बारीकसा जीव पाण्यात जाऊ नये म्हणून आपण फडकं दुहेरी घेतो. शेजारच्या पलंगावरचा जीव मात्र आठ महिने दिसला नाही.

उद्या सकाळी तुमच्या घरातल्या आई, आत्या, आजी केस कशा विंचरतात, तेवढं बघा. आणि स्वतःचाही हात कुठवर जातो ते बघा.