झाडे मोजली, मातीचे काय?

हुबळीत नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे. तेथून किनाऱ्याकडे नेण्याचा कोणताही लोहमार्ग सह्याद्रीच्या जंगलाला छेद दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. सुमारे १६४ किलोमीटरचा हुबळी-अंकोला मार्गही वनाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडला आहे. या वादांत वन्यप्राण्यांची आणि तोडल्या जाणाऱ्या झाडांची गणना होते. मातीची होत नाही.

घाटातील जांभी माती दिसते तितकी सुपीक नसते. मुसळधार पावसात तिच्यातील पोषकद्रव्ये वाहून जातात आणि उरलेले स्फुरद लोह व ॲल्युमिनियम घट्ट धरून ठेवतात. ते मुळांपर्यंत पोहोचवतात बुरशीचे सूक्ष्म धागे. मोबदल्यात झाड बुरशीला साखर पुरवते. या सहजीवनाला १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी ‘मायकोरायझा’ हे नाव दिले.

या भागीदारीचे दोन मुख्य प्रकार आहेत. माट्टी, किंदळ, जांभूळ अशा बहुसंख्य वृक्षांची बुरशी मुळांच्या पेशींत शिरते. सालवृक्षाच्या कुळातील होपियासारख्या झाडांची बुरशी मुळांभोवती आवरण घालते आणि कुजणाऱ्या पाचोळ्यातूनही पोषण मिळवते. पहिल्या प्रकारात मातृवृक्षाखालील रोपांना रोगकारक जीवांचा उपद्रव अधिक होतो. त्यामुळे एकाच जातीची दाटी न होता अनेक जातींना जागा मिळते. दुसऱ्या प्रकारात रोपांना मातृवृक्षाजवळ तुलनेने संरक्षण लाभते आणि एकाच जातीचे समूह तयार होतात. जंगलात कोणते झाड कोठे वाढेल, हे असे बऱ्याच अंशी जमिनीखाली ठरते.

म्हणूनच भरपाई वनीकरणाचे गणित अपुरे पडते. केंद्रीय प्रकल्पांना तोडलेल्या जंगलाच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या अवनत वनजमिनीवर लागवड करून भरपाई करता येते. क्षेत्रफळ दुप्पट झाले तरी मूळ माती आणि तिच्यातील बुरशी तेथे आपोआप येत नाही. गोव्यात आणि कर्नाटकात सामाजिक वनीकरणाने लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया उजाड जांभ्यावरही तगतो, कारण मुळांवरील गाठींतून तो हवेतील नत्र मिळवतो. तेथे हिरवळ दिसते. मिश्र जंगल मात्र त्यामुळे परतत नाही.

दुपदरीकरणाचा प्रस्ताव पुन्हा यायचा असेल, तर जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास अपरिहार्य आहे. त्या अभ्यासात मातीतील बुरशीची नोंद असावी. खोदकामापूर्वी वरचा थर वेगळा राखावा आणि रोपवाटिकेत स्थानिक रोपे त्याच मातीत वाढवावीत. गोवा विद्यापीठात या बुरशींवर संशोधन झाले आहे, म्हणजे ज्ञान हाताशी आहे. तरीही या उपायांनी हानी कमी होईल, जंगल पुन्हा उभे राहणार नाही. उभे जंगल राखणे हीच सर्वांत स्वस्त भरपाई ठरते.