संतापाचे मोल

‘संताप’ हा शब्द मराठीत आला तो संस्कृतातून. ‘तप्’ म्हणजे तापणे. त्याला ‘सम्’ हा उपसर्ग लागला की पूर्णपणे तापणे. या आगीत पहिला पोळतो तो संतापणारा स्वतःच, हा इशारा शब्दातच आहे. रुसवा, राग, चीड, त्वेष, कोप, संताप अशा अनेक छटा मराठीने जपल्या. त्यातला ‘राग’ हा मूळचा आसक्तीचा वाचक. म्हणूनच गीतेतील स्थितप्रज्ञ राग आणि क्रोध या दोहोंपासून वेगवेगळा मुक्त आहे.

आज या साऱ्या छटा एकाच शब्दात बुडाल्या आहेत. नळाला पाणी उशिरा आले, तरी नागरिकांत ‘तीव्र संताप’. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला होऊन १६६ जणांचे प्राण गेले, तेव्हाही ‘तीव्र संताप’च. नित्याच्या कुरबुरीवर जो शब्द उधळला, तो राष्ट्राच्या जखमेपुढे पोकळ ठरतो.

याहून घातक प्रकार आहे तो ‘संतप्त जमावाने बस पेटवली’ या वाक्याचा. त्या एका विशेषणाने जाळपोळ करणाऱ्याच्या हाती नैतिक परवाना दिला जातो. बस जनतेची, तिकिटाचे पैसे जनतेचे; मग संताप नेमका कोणावर?

आपल्या परंपरेने क्रोध सरसकट निषिद्ध मानलेला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘मन्यू’ला उद्देशून दोन सूक्ते आहेत, आणि मन्यूचे मूळ ‘मन्’, म्हणजे विचार करणे, या धातूत आहे. रामायणाच्या आरंभी वाल्मीकी नारदांना आदर्श पुरुषाविषयी विचारतात : क्रोध जिंकलेला कोण? आणि रणात ज्याच्या रोषाला देवही भितात, असा कोण? हे दोन्ही प्रश्न एकाच श्लोकात आहेत. ज्याने क्रोध जिंकला, त्याच्याच रोषाला वजन असते.

१८९७ च्या जुलैत, प्लेगने आणि दडपशाहीने पुणे होरपळत असताना, ‘केसरी’ने विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ त्या मथळ्यात त्वेष आहे, शिवी नाही. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. विचाराने तापलेल्या शब्दाची धग साम्राज्यालाही लागते. पेटवलेल्या बसची राख मात्र दुसऱ्या दिवशी झाडून टाकली जाते.

संताप जरूर असावा. पण तो योग्य प्रसंगासाठी राखून ठेवावा आणि त्याचा लगाम आपल्याच हाती असावा.