गटाच्या इतिहासातील कोरी पाने

निवडणुकीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे कोण जिंकले, कोण हरले आणि किती मतांनी, याची नोंद करावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या मतदारसंघापुरता तो चालून जातो. जिल्हा परिषदेच्या एखाद्या गटाचा इतिहास मात्र या रीतीने लिहू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. तेथे झालेल्या निवडणुकांइतक्याच न झालेल्या निवडणुकाही बोलक्या असतात.

शिरूर तालुक्यातील केंदूर-पाबळ या गटाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. तालुक्याच्या पश्चिमेचा हा पर्जन्यछायेतील पट्टा. याच तालुक्यात रांजणगाव आणि सणसवाडी येथे कारखानदारी फोफावली. केंदूरच्या बाजूला मात्र पावसाची वाट पाहणे आणि पाण्याची मागणी करणे हेच राजकारणाचे मुख्य सूत्र राहिले. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, गावाला जोडणारा रस्ता, पाझर तलाव, नळपाणी योजना हे येथील मतदाराच्या नित्याच्या जगण्याचे प्रश्न, आणि यांपैकी बहुतेकांचा संबंध थेट जिल्हा परिषदेशी येतो.

या मतदाराची भौगोलिक स्थितीही चमत्कारिक आहे. महसुली कामासाठी त्याचा तालुका शिरूर आणि पंचायत समितीही शिरूरचीच. परंतु २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत पाबळ भागातील गावे विधानसभेसाठी आंबेगाव मतदारसंघास जोडली गेली. त्याच पुनर्रचनेत शिरूर हा लोकसभा मतदारसंघ नव्याने निर्माण झाला आणि २००९ मध्ये तेथे पहिली निवडणूक झाली. आमदार एका तालुक्याच्या नावाचा, तहसील दुसऱ्या तालुक्याची, अशा अवस्थेत ज्याच्या घरी सायकलवर जाऊन तक्रार सांगता येईल असा लोकप्रतिनिधी ग्रामपंचायतीच्या वर एकच उरतो. तो म्हणजे गटाचा किंवा गणाचा सदस्य. त्याची जागा रिकामी राहिली तर या मतदाराचे नुकसान इतरांहून अधिक होते.

या संस्थांची जडणघडण ध्यानात घेतली पाहिजे. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे आली, तेव्हा मतदानाचा हक्क मूठभर मालमत्ताधारकांपुरता होता आणि जिल्हा बोर्डाचे अध्यक्षपद कलेक्टरकडे असे. स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची दिशा दाखविली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्राने १९६१ चा कायदा केला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आमदार-खासदारांना परिषदेच्या सभासदत्वापासून दूर ठेवण्याचा महाराष्ट्राचा निर्णय तर विशेष दूरदृष्टीचा होता. स्थानिक नेतृत्व वरच्या नेतृत्वाच्या सावलीत खुरटू नये, हा त्यामागील हेतू होता.

इमारत भक्कम होती. ती वापरण्याचे वेळापत्रक मात्र पाळले गेले नाही. राज्यात १९६२, १९६७ आणि १९७२ या निवडणुका क्रमाने झाल्या. पुढची १९७९ मध्ये झाली, आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये. मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते. १९७९ साली वीस वर्षांचा असलेला तरुण जिल्हा परिषदेसाठी पहिले मत देऊ शकला तो वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. दरम्यान त्याने लोकसभेसाठी १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ अशी चार वेळा मतदानाची वाट चोखाळली असेल. देशाचे सरकार बदलण्याची संधी ज्याला चार वेळा मिळाली, त्याला आपल्या गावच्या शाळेचे छप्पर ज्याच्या हाती आहे तो सदस्य निवडण्याची संधी एकदाही मिळाली नाही!

ही मनमानी थांबावी म्हणूनच त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. पाच वर्षांची मुदत, ती संपण्यापूर्वी निवडणूक आणि स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग ही तिची त्रिसूत्री. १९९७, २००२, २००७, २०१२ आणि २०१७ ही वर्षे पाहिली म्हणजे या दुरुस्तीचे मोल कळते. याच काळात राखीव जागांमुळे सभागृहाचे सामाजिक रूप पालटले. २०११ मध्ये महिलांचे आरक्षण निम्म्यावर गेले. फिरत्या आरक्षणामुळे त्याच सदस्याला त्याच गटातून पुन्हा उभे राहणे अनेकदा अशक्य होते व उत्तरदायित्व सैल पडते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवले गेले, त्यांना आत घेण्याची ती किंमत आहे, आणि ती देण्यासारखी आहे.

न देण्यासारखी किंमत दिली गेली ती २०२२ नंतर. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी निवडल्या गेलेल्या पुणे जिल्हा परिषदेच्या ७५ सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी दिलेला निर्णय, बांठिया आयोग, आणि गटांची संख्या व रचना यांत वारंवार झालेले बदल यांच्या गुंत्यात वर्षे सरली. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयालाच चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला आणि पुढे ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, गंभीरही होता. पण तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहास कुलूप हे त्याचे उत्तर असू शकत नाही.

प्रशासक कार्यक्षम नसतो, असे कोणी म्हणणार नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. साधने तुटपुंजी असतात तेव्हा आधी कोणता रस्ता, कोणता तलाव, हे ठरविणे म्हणजे कोणाला थांबवायचे हे ठरविणे होय. त्या निर्णयाचा जाब विचारता येईल असा माणूस सभागृहात असावा लागतो. प्रशासक आपल्या वरिष्ठांना उत्तर देतो, मतदाराला नव्हे. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानासाठी निवडून आलेली संस्था असणे ही अटच होती. तेव्हा निवडणूक लांबणे हा नुसता तत्त्वाचा प्रश्न राहत नाही, तो तिजोरीचाही होतो.

उशिरा झालेली निवडणूक गेलेली वर्षे परत आणीत नाही. म्हणून मुदत संपण्यापूर्वी किमान वर्षभर आधी गटरचना व आरक्षण यांचे काम पूर्ण करण्याचे बंधन कायद्यात असले पाहिजे, आणि रचनेचा अधिकार निवडणुकीच्या तोंडावर हलविण्याची मुभा कोणत्याही सरकारास नसावी. विधानसभेची निवडणूक चार वर्षे लांबली असती, तर राज्य पेटून उठले असते. केंदूरच्या मतदाराची निवडणूक लांबली तेव्हा फारसे कोणी बोलले नाही. लोकशाहीची परीक्षा मंत्रालयाच्या पायऱ्यांवर नव्हे, तर या मौनातच होत असते.