जुनी व्हॅन : दुरुस्ती की निरोप?

मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९मध्ये थांबले. अनेक कुटुंबांच्या दारात मात्र ती आजही उभी आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी तपासणीअंती पाच वर्षांसाठीच वाढवून मिळते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. त्यामुळे गॅरेजचे बिल आणि हा खर्च एकत्र करून पाच वर्षांवर विभागायला हवा. क्लच किंवा ब्रेकचे काम बहुधा परवडते; सांगाडाच गंजला असल्यास दुरुस्ती व्यर्थ ठरते.

सुरक्षा मात्र या हिशेबात बसत नाही. ओम्नीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते; समोरच्या धडकेत चालकाच्या पायांपुढे जेमतेम पत्रा उरतो. मुलांना घेऊन नेहमी महामार्गावर जाणाऱ्या कुटुंबाने, इंजिन ठणठणीत असले तरी, व्हॅन बदलणेच शहाणपणाचे.