आजी-आजोबांना मॉल नको, कालव्यावर न्या

न्यू जर्सीकरांनो, भारतातून आलेल्या आई-बाबांना दर शनिवारी मॉलमध्ये कशाला फिरवता? प्रिन्स्टनजवळच्या किंग्स्टनला न्या. तिथे मिलस्टोन नदी आणि १८३४ साली सुरू झालेला डेलावेअर-रॅरिटन कालवा शेजारी शेजारी आहेत. कालव्याकाठची वाट खेचरांनी बोटी ओढाव्यात म्हणून केलेली, त्यामुळे सपाट. गुडघेदुखीवाल्या आजीलाही जमते. मैल मोजू नका हो! ओंडक्यावर ऊन खाणारी कासवं दिसली की नातवंडं थांबणारच. "आजी, हे बघ" मराठीत निघतं, कारण आजीला दाखवायचं असतं. तुम्ही चार पावलं मागे राहा, मध्ये भाषांतर करायला जाऊ नका. फक्त पॉयझन आयव्हीच्या तीन-तीन पानांना कुणी हात लावत नाही ना, एवढं बघा. आणि घरी आल्यावर सगळ्यांच्या पायांवर गोचीड शोधा, आजोबांच्या सुद्धा.