रेडिओ लहरींवर अन्न तापवण्याचे यंत्र: अनुदानातून घ्यावे का?

‘एक जिल्हा एक उत्पादन’ यादीत बेंगळुरूशेजारच्या कोलारला टोमॅटो आहे, तर रत्नागिरीला आंबा. हंगामात माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. अशा वेळी प्युरी किंवा पल्प करून ठेवला तर शेतमाल वाया जाणे टळते. तुम्ही असा उद्योग सुरू करत असाल आणि प्रकल्प अहवालात रेडिओ फ्रिक्वेन्सी (आरएफ) तापन यंत्र धरायचा विचार असेल, तर अर्ज करण्यापूर्वी पुढील बाबी समजून घ्या.

हे तंत्रज्ञान काय आहे?

कढईत किंवा वाफेच्या दुहेरी भांड्यात उष्णता आधी भांड्याला लागते, मग पदार्थाच्या आत जाते. दूध पातळ असल्याने ते फिरते आणि लवकर सारखे तापते. टोमॅटो प्युरी किंवा आमरस घट्ट असतो. तो तळाशी करपतो आणि मधोमध कमी तापलेला राहतो.

आरएफ यंत्रात पदार्थ दोन धातूच्या पट्ट्यांमधून किंवा नळीतून नेला जातो. विद्युत क्षेत्राची दिशा सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलते. त्यामुळे पदार्थातील क्षारांचे आयन आणि पाण्याचे रेणू हालतात व उष्णता आतच तयार होते. यासाठी बहुधा 13.56 किंवा 27.12 मेगाहर्ट्झ वारंवारिता वापरतात. घरगुती मायक्रोवेव्ह 2450 मेगाहर्ट्झवर चालतो. आरएफची लहर त्याहून खूप लांब असल्याने ती जाड थरातही खोलवर पोहोचते. या लहरींमुळे अन्न किरणोत्सर्गी होत नाही.

मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा ऊर्जेची. 100 किलो प्युरी 30 अंशांवरून 90 अंशांवर न्यायला सुमारे 24,000 किलोज्यूल, म्हणजे साधारण 6.7 युनिट ऊर्जा लागते. यंत्र कोणतेही असो, ही गरज तेवढीच राहते. यंत्रातली तूट धरता प्रत्यक्ष वीज त्याहून जास्त लागेल.

दुसरी मर्यादा एकसारखेपणाची. मिठाचे प्रमाण बदलले की पदार्थ तापण्याचा वेग बदलतो. जो भाग आधी तापतो, तो अनेकदा आणखी वेगाने तापत जातो. म्हणून प्रत्येक पदार्थासाठी वेगळी चाचणी घ्यावी लागते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा सुरक्षिततेची. सामू 4.6 पेक्षा कमी असलेले आंबट पदार्थ 100 अंशांखालीही योग्य वेळ तापवून, गरम असतानाच भरून सुरक्षित करता येतात. टोमॅटो या रेषेच्या जवळ असतो, त्यामुळे प्रत्येक घाणीचा सामू मोजा. सांबार, खीर असे कमी आंबट पदार्थ सामान्य तापमानाला टिकवायचे तर दाबाखाली सुमारे 121 अंश तापमान लागते. केवळ ‘आरएफ’ असे नाव असल्याने ती गरज संपत नाही.

योजनेत काय मिळते?

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना 29 जून 2020 रोजी सुरू झाली. तिची मुदत पुढे 2025-26 पर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे अर्ज स्वीकारले जात आहेत का, हे आधी अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

- वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान.
- कर्नाटकात राज्याची भर धरून 50 टक्के, कमाल 15 लाख रुपये.
- लाभार्थ्याचा स्वतःचा वाटा किमान 10 टक्के. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही.
- शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा बचत गटांच्या सामायिक सुविधेसाठी 35 टक्के, कमाल 3 कोटी रुपये.

हे अनुदान ‘कर्जाशी निगडित’ आहे आणि वाचताना हाच शब्द निसटतो. 20 लाखांच्या प्रकल्पात तुमचे 2 लाख, बँकेचे 18 लाख आणि 35 टक्के दराने अनुदान 7 लाख. हे 7 लाख हातात येत नाहीत, ते बँकेत राखून ठेवले जातात. कर्जाचा शेवटचा हप्ता दिल्यापासून तीन वर्षांनी खाते नियमित आणि उद्योग चालू असेल, तर ते कर्जात वळते होतात. अनुदानाइतक्या रकमेवर व्याज लागत नाही, बाकीचे कर्ज मात्र पूर्ण तुमचे.

मग निर्णय कसा घ्यावा?

टोमॅटो किंवा आंब्याचा हंगाम काही महिन्यांचा असतो, बँकेचा हप्ता बारा महिन्यांचा. वर्षभर माल मिळत नसेल, तर एकट्या सूक्ष्म उद्योगाने आरएफ यंत्र घेणे जोखमीचे आहे. आधी सामूमापक, खात्रीचा तापमापक, ढवळणी असलेले वाफेचे भांडे आणि चांगले पॅकिंग यांवर खर्च करा. आरएफची खरी जागा सामायिक सुविधेत आहे, कारण तिथे अनेकांचा माल मिळून यंत्र वर्षभर चालू शकते.

यंत्र घेण्याचे ठरलेच, तर विक्रेत्याकडे तुमच्याच मालाची चाचणी मागा आणि नळीतील सर्वांत कमी तापमान किती होते, ते लेखी घ्या. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रक्रियेबाबत सल्ला घेता येतो. अर्ज भरण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्तीची मदत घ्या, पण अहवालातील यंत्रांची यादी स्वतः वाचूनच सही करा.